विटेचा भार आणि लाकडाचा सांगाडा

इंग्लंडमधील जुन्या विटांच्या घरात भिंत हाच इमारतीचा मुख्य आधार असतो. पुण्यातील पेशवेकालीन वाड्यात मात्र मजल्यांचा बराचसा भार सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट यांचा सांगाडा पेलतो व वीट बहुतांशी त्या सांगाड्यातील जागा भरून काढते. दोन्ही ठिकाणी साहित्य भाजलेल्या मातीचेच असले, तरी तिच्याकडून घेतलेले काम वेगळे आहे, आणि या वेगळेपणाचे परिणाम आगीच्या वेळी स्पष्ट दिसतात.

१६६६मध्ये लंडनचा मोठा भाग जळाल्यानंतर १६६७च्या कायद्याने तेथील नव्या घरांच्या बाहेरच्या भिंती वीट किंवा दगडाच्या असाव्यात, असे बंधन घातले. पुण्यात असे बंधन आले नाही. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी केलेल्या शनिवारवाड्याला २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली, तेव्हा लाकडाने बांधलेले मजले नष्ट झाले आणि उरले ते दगडी जोते व तट, ज्याचा खालचा भाग घडीव काळ्या दगडाचा आणि वरचा विटांचा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यालाही १८७९मध्ये आगीची झळ बसली; सुरूच्या झाडाच्या आकाराचे त्याचे कोरीव खांब पाहताना लाकूड ही त्या वास्तुकलेची शोभा होती तशीच तिची दुर्बळ बाजूही होती, हे मान्य करावे लागते.

भिंतच भार पेलणार असेल, तर विटा रचण्याची पद्धत निर्णायक ठरते. इंग्लिश बाँड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रचनेत एका थरात विटेची लांब बाजू दर्शनी येते, तर त्यावरच्या थरात तिचे आखूड तोंड. फ्लेमिश बाँडमध्ये या दोन्ही बाजू एकाच थरात आलटून पालटून येतात. दोन्ही पद्धतींत उभे सांधे एकावर एक येत नाहीत आणि आडव्या घातलेल्या विटा भिंतीची पुढची व मागची बाजू बांधून ठेवतात, त्यामुळे भार पसरत खाली उतरतो. विटेच्या आकारावर तर राज्यकारभाराचाही ठसा उमटला: १७८४मध्ये इंग्लंडने विटांवर नगामागे कर बसवला, तेव्हा भट्टीवाल्यांनी विटा मोठ्या करायला सुरुवात केली, म्हणून १८०३मध्ये १५० घनइंचांहून मोठ्या विटेवर दुप्पट कर आला, आणि हा कर १८५०मध्ये रद्द झाला.

पुण्यात इंग्रजी धर्तीचे वीटकाम पाहायचे असेल, तर लष्कर भागातील ओहेल डेव्हिड हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ पाहावे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभारलेली आणि हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी आखलेली ही गॉथिक शैलीची वास्तू १८६७मध्ये पूर्ण झाली. तिच्या तांबड्या विटांमुळे लोक तिला आजही लाल देऊळ म्हणतात.

मावळातील वडिवळे परिसरात, म्हणजे कुंडली आणि इंद्रायणी या नद्यांच्या खोऱ्यात, प्रश्न आगीइतकाच पाण्याचा असतो. घाटमाथ्यावरील लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पुण्यात तो जेमतेम सातशे-साडेसातशे असतो. मावळ या दोहोंमध्ये असल्याने थोड्या मैलांतच बांधणीच्या गरजा बदलतात. भाजलेली वीट पाणी शोषते, म्हणून येथे दगडी जोते, उतरते छप्पर आणि भिंतीपासून बरीच पुढे काढलेली वळचण ही विटेची खरी राखण होय.

म्हणूनच जुन्या भिंतींच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरणे घातक असते. चुन्याच्या घाणीत मळलेला चुना मऊ असतो आणि भिंतीत शिरलेली ओल सांध्यांतून बाहेर पडू देतो; कडक सिमेंट ती वाट अडवते, मग ओल विटेतूनच बाहेर येते, तिच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाशी साठतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. सांधा सुस्थितीत दिसतो आणि वीट मात्र झिजत जाते. हे नुकसान भरून येत नाही, त्यामुळे मावळातील जुन्या घराची डागडुजी करणाऱ्याने गवंड्याकडे आधी चुन्याचाच आग्रह धरावा.