तारपा, सॅक्सोफोन आणि राग

जाझविषयी लिहिताना आम्ही तारप्यापासून आरंभ करीत आहोत, याचे पालघर-बोईसरच्या श्रोत्यांना नवल वाटू नये. भोपळ्याच्या पोटात फुंकर शिरते, वेळूची पातळ जीभ थरथरते आणि तारपा बोलू लागतो. सॅक्सोफोन पितळेचा खरा. पण त्याच्याही मुखाशी बोरूसारख्या गवताचीच जीभ असते. साधन मुळात एकच. भेद आहे तो स्वरांच्या शिस्तीत.

जाझचे मूळ ब्लूज हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे गाणे होय. त्यात गांधार आणि निषाद शुद्ध-कोमलांच्या मध्ये कोठेतरी लवतात. पियानोच्या पट्ट्यांत तो स्वर सापडत नाही. आपल्या मींडेला मात्र तो परका वाटत नाही.

गोव्यातील नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस हे याच परंपरेतले सॅक्सोफोनवादक. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले कितीतरी गोमंतकीय मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत वाजवीत. ब्राझ तेवढ्यावर थांबले नाहीत. १९७० साली त्यांची ‘रागा रॉक’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे लुई बँक्स आणि कर्नाटक शैलीच्या गायिका रमामणी यांच्यासह त्यांनी राग आणि जाझ एकत्र आणले. १९७८ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘जाझ यात्रे’मुळे अशा प्रयोगांना जाणते श्रोतेही लाभले.

यात अडचण कोणती? जाझमध्ये स्वरसंघात क्षणोक्षणी बदलतात, आणि वादक त्यांच्या अनुरोधाने चालतो. राग मात्र षड्जाचा खांब सोडीत नाही. संघात बदलत ठेवले तर राग हरवतो. सारेच काढून टाकले तर जाझ पोरका होतो. म्हणून आधारस्वर बराच वेळ स्थिर ठेवावा लागतो, आणि कळांनी बांधलेला स्वर ओठांच्या दाबाने लववावा लागतो. हे लवविणे ब्लूजने वादकाला आधीच शिकविलेले असते. नुसते आरोह-अवरोह उचलले म्हणजे राग येत नाही. त्याची चालही यावी लागते.

हा प्रश्न दूरचा नाही. जव्हार तालुक्यातील भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या तारप्याचा संगीत नाटक अकादमीने गौरव केला आहे. उद्या कोणी तारप्याला गिटारची जोड देईल. आम्ही त्याला नको म्हणणार नाही. इतकेच विचारू: तारपा तेथे शोभेला आणला आहे, की त्याच्या फुंकरीप्रमाणे बाकीची वाद्ये चालत आहेत?