काजळी, डिंक आणि तोको शिनोदा

जपानी चित्रकार तोको शिनोदा १९५६ साली अमेरिकेत पोहोचल्या तेव्हा त्यांच्याकडे दोन महिन्यांचा व्हिसा होता. वय त्रेचाळीस. तो व्हिसा वाढवून घेत घेत त्या दोन वर्षं राहिल्या. बोस्टन, न्यू यॉर्क, शिकागो इथे त्यांची चित्रं लागली. पोलॉक आणि रॉथ्को यांना ज्यांनी आपल्या दालनात जागा दिली, त्या बेटी पार्सन्स यांनी पुढे शिनोदांचीही प्रदर्शनं भरवली. सगळं जुळून आलेलं असताना १९५८ मध्ये त्या टोकियोला परतल्या. परतण्यामागचं एक मोठं कारण हवामानाचं होतं. न्यू यॉर्कच्या कोरड्या हवेत त्यांची शाई कागदावर पसरायच्या आतच वाळून जायची.

डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला हे कारण लगेच पटतं. इथे जुलैत पापड सादळतात, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना बुरशी धरते, आणि कागदावर ओढलेली शाईची ओली रेघ बराच वेळ ओलीच राहते. मी मोडी गिरवतो. पावसाळ्यात पातळ शाईची कड कागदात हळूहळू सरकताना पाहत बसणं हा माझ्या आवडीचा उद्योग आहे. उल्हास खोऱ्यातली आणि खाडीकाठची ही दमट हवा आपण कायम शिव्या घालण्यापुरतीच वापरतो. शिनोदांना नेमकी अशीच हवा हवी होती.

त्या १९१३ साली मंचुरियातल्या दाइरेन शहरात जन्मल्या आणि तान्ह्या असतानाच कुटुंब जपानला परतलं. सहाव्या वर्षी वडिलांनी हातात कुंचला दिला. सुलेखन हा घरचाच व्यासंग होता. त्याच सुमारास मुंबईत अंबिका धुरंधर वडिलांच्या, म्हणजे रावबहादुर एम. व्ही. धुरंधरांच्या, हाताखाली चित्रकला शिकत होत्या. त्यांचा जन्म १९१२ चा, आणि जे. जे. स्कूलमधून १९३१ साली पदविका घेणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्या होत्या. दोघींच्या जन्मात एका वर्षाचं अंतर. दोघींनाही वडिलांनी शिकवलं. पण अंबिकाबाईंच्या हाती आलं ते युरोपीय पद्धतीचं वास्तवदर्शी चित्रण, तर शिनोदांच्या हाती आली हजार-दीड हजार वर्षांची अक्षरपरंपरा. त्या परंपरेत चित्र आणि अक्षर एकाच शाईने, एकाच कुंचल्याने काढतात.

त्या शाईबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण ती आपल्या घरातल्या वस्तूंपासून फार दूर नाही. जपानच्या नारा शहरात कोबाइएन नावाचं शाईचं घराणं १५७७ पासून चालू आहे. बंद खोलीत तेलाच्या पणत्या ओळीने पेटवतात आणि प्रत्येक ज्योतीवर मातीचं झाकण उपडं ठेवतात. झाकणाच्या पोटात काजळी धरते. ती एकसारखी धरावी म्हणून झाकण थोड्या थोड्या वेळाने फिरवत राहावं लागतं. वात जितकी बारीक, तितकी काजळी मऊ. ती खरवडून प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढलेल्या सरसात मळतात, लाकडी साच्यात वड्या दाबतात आणि राखेत पुरून सावकाश सुकवतात. राख बदलायची तीही टप्प्याटप्प्याने, दमट राखेकडून कोरड्या राखेकडे. घाई केली तर वडी तडकते. मग गवताच्या दोरीत बांधून महिनोन्‌महिने टांगून ठेवतात. उन्हाळ्यात सरस नासतो, म्हणून हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत चालतं. तेलाच्या काजळीची शाई किंचित तपकिरी, तर पाइन वृक्षाच्या लाकडाची काजळी निळसर. वडी जुनी होते तशी ती पाण्यात अधिक मोकळी होते. शिनोदा कधी कधी चीनच्या मिंग काळातल्या, म्हणजे काही शतकं जुन्या वड्या सहाणेवर उगाळत.

आपल्या आज्या-पणज्यांनी एरंडेलाच्या दिव्यावर ताटली धरून काजळ पाडलं, ती कृती हीच आहे. पोथ्या लिहिण्याची जुनी शाईही काजळीचीच. फक्त सरसाऐवजी त्यात बाभळीचा डिंक खलत. कुंचल्याच्या जागी बोरू. कागदही जवळचाच होता. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गाव कागदाच्या धंद्यावर वसलं, जुन्नरचा कागद नावाजलेला होता, आणि पुण्यात के. बी. जोशी यांनी १९४० मध्ये हातकागदाची संस्था उभी केली. शाई होती, कागद होता, दमट हवा होती. या साऱ्यातून आपल्याकडे कुंचल्याचं शाईचित्र मात्र घडलं नाही.

जपानी कुंचल्याशी आपला संबंध अगदीच आला नव्हता असंही नाही. १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन जपानी चित्रकार कलकत्त्याला ठाकुरांच्या घरी आले. ताइकान रुंद कुंचल्याने कागद ओला करताना अवनींद्रनाथांनी पाहिलं, आणि त्यातून बंगालचं वॉश तंत्र निघालं. पुढे १९१६ मध्ये रवींद्रनाथ जपानला गेले, तिथे त्यांना चित्रकार अराई काम्पो भेटले, आणि काम्पोंना त्यांनी कलकत्त्यात शिकवायला बोलावलं. नंदलाल बोस यांना कुंचल्याचं वळण काम्पोंकडून मिळालं. हेच काम्पो नंतर महाराष्ट्रात आले. १९१७-१८ च्या सुमारास जपानी चित्रकारांच्या तुकडीबरोबर त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. अजिंठ्याच्या नकलांच्या नशिबी आगच लिहिलेली असावी. रॉबर्ट गिलची चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली. जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन ग्रिफिथ्सने वर्षानुवर्षं केलेल्या कामातलं बरंचसं १८८५ मध्ये, तेही लंडनलाच. काम्पोंच्या नकला राहिल्या असत्या तर अजिंठ्याची रेघ जपानी हाताला कशी दिसली, हे आज मांडून दाखवता आलं असतं.

बंगालने कुंचला उचलला आणि मुंबईने उचलला नाही, हे मला आपल्या कलेतलं मोठं नुकसान वाटतं. वासुदेव गायतोंडे हा ठळक अपवाद. त्यांचा ओढा झेनकडे होता. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास हाताळणं कठीण झालं, तेव्हा त्यांनी कागदावर लहान लहान शाईचित्रं केली. पांढऱ्यावर काळ्या खुणा, एखाद्या अनोळखी लिपीसारख्या. सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ने गायतोंड्यांवरचा ग्रंथ मराठीत आणला, त्यामुळे हा चित्रकार आपल्या वाचकाला परका राहिलेला नाही. ज्यांना गायतोंडे भावतात त्यांनी शिनोदा पाहाव्यातच.

जपानमध्ये शाईचित्रं काढणाऱ्या स्त्रियांची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकात क्योतोतल्या गिओन भागात चहाचं दुकान चालवणाऱ्या घरातली इके ग्योकुरान चित्रकार होती. तिची आई आणि आजी दोघी कवयित्री. एकोणिसाव्या शतकात ओकुहारा सेइको यांनी केस कापले, पुरुषी पोशाख केला आणि टोकियोत नाव कमावलं. नोगुची शोहिन यांना १९०४ मध्ये शाही दरबाराच्या कलावंतांत स्थान मिळालं, तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. या सगळ्या डोंगर, बांबू, फुलं, पक्षी काढत. कल्याणहून पावसात मलंगगडाचा सुळका जसा अर्धा ढगात जातो, तसे डोंगर.

शिनोदांनी डोंगरही सोडले आणि अक्षरंही. नदीचं चित्राक्षर तीन उभ्या रेघांचं आहे. तीनच का, याचा त्यांना जाच होऊ लागला. रेघा जास्त हव्या असतील तर? एकच पुरत असेल तर? १९४० च्या सुमारास टोकियोत त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं तेव्हा या अक्षरांना मुळं नाहीत अशी टीका झाली. युद्धकाळात त्या शहर सोडून खेड्यात गेल्या, तिथे क्षयाने गाठलं, दोन वर्षं त्यात गेली. उठल्यावर त्या पूर्णपणे अमूर्ताकडे वळल्या. लांब कुंचल्याचा एक रुंद फटकारा, त्याला जवळजवळ चिकटून केसासारखी बारीक रेघ, मध्ये पातळ राखाडी थर, क्वचित हिंगुळाचा लाल ठिपका. मागे कधी कोरा कागद, कधी चांदीचा किंवा सोन्याचा वर्ख.

अमेरिकी समीक्षकांनी त्यांना आपल्या अमूर्त अभिव्यक्तिवादात बसवलं. मला ते अपुरं वाटतं. पोलॉकचा रंग हवेतून कॅनव्हासवर पडतो. शिनोदांची रेघ लिहिलेली असते. तिला सुरुवात आहे, दाब आहे, वळणावरचा विसावा आहे, आणि कुंचला उचलतानाचं फाटलेलं टोक आहे. अक्षराचा अर्थ काढून घेतला तरी लिहिणाऱ्या हाताची शिस्त तशीच उरते, आणि त्यांच्या चित्राचं सगळं वजन या शिस्तीवर आहे. गूढवादाची, झेनची झालर लावून हे समजत नाही. सहाव्या वर्षापासूनचा रियाज लक्षात घेतला की समजतं. शाईला खोडरबर नाही. ओल्या कागदावर टेकलेला कुंचला मागे घेता येत नाही.

१९६० पासून त्या लिथोग्राफही करू लागल्या. मुद्रक किहाची किमुरा यांच्याबरोबर हे काम कित्येक दशकं चाललं, आणि छापून झालेल्या प्रतींवर त्या हाताने पुन्हा कुंचला फिरवत, म्हणजे दोन प्रती सारख्या राहत नसत. टोकियोच्या झोजोजी मंदिरासाठी १९७४ मध्ये त्यांनी ९५ फूट लांबीचं भित्तिचित्र केलं. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांची चित्रं आहेत. २०१५ मध्ये आलेलं त्यांचं आत्मपर पुस्तक जपानमध्ये प्रचंड खपलं. शंभरी ओलांडल्यावरही त्या शाई उगाळत होत्या. १ मार्च २०२१ रोजी, १०७ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

आता आपल्याकडे पाहू. कल्याण हा पेशवाईत सुभा होता. त्याचा हिशेब, तंटे, वतनं, पत्रं सगळं मोडीत लिहिलं गेलं. मोडी हात न उचलता धावते, जपान्यांच्या धावत्या लिपीसारखी, आणि चांगल्या कारकुनाच्या वळणात दाब आणि वेग यांचा जो खेळ दिसतो तो शिनोदांच्या रेघेपासून फार लांबचा नाही. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ती वापरात होती. र. कृ. जोशी आणि अच्युत पालव यांनी मराठी अक्षराला चित्राची प्रतिष्ठा दिली, पालवांनी तर मोडीचा मुद्दाम अभ्यास केला. पण एकूण समाज म्हणून आपण मोडी ठेवली ती जमिनीची जुनी कागदपत्रं वाचण्यापुरती. आज मोडीचे वर्ग चालतात, तिथे येणारे बहुतेक लोक वाचन शिकायला येतात. लिहायला हाती असतं बॉलपेन. बॉलपेनने दाबाचा फरक उमटत नाही, आणि तो उमटला नाही की मोडीचं निम्मं सौंदर्य गेलं.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. अशा संस्थांनी आणि मोडीचे वर्ग घेणाऱ्या सगळ्यांनी एवढं करावं: बॉलपेनं बाजूला ठेवून विद्यार्थ्यांच्या हाती बोरू द्यावा, त्यानंतर कुंचला, काजळीची शाई आणि हातकागद. भिंतीवर मोडीच्या जुन्या पत्राची मोठी छायाप्रत लावावी आणि तिच्या शेजारी शिनोदांच्या एखाद्या चित्राची. वर्ग पावसाळ्यात घ्यावा, शाई सावकाश वाळते. आणि मुलांना सहाव्या वर्षापासून येऊ द्यावं.