छातीचा गाल

पहाटे साडेचार. मिरकरवाड्याच्या जेटीला ट्रॉलर लागू लागतात, तेव्हा मी आरशासमोर आइस्क्रीमचे लाकडी चमचे एकावर एक रचून दातांमध्ये सरकवत असतो. आज १२ मावले, काल १३. किरणांचा शेक घेतल्यापासून जबडा आखडतो. चार दिवस चुकवलं की तोंड उघडेनासं होतं.

सहा. चहात आधी बोट बुडवतो. उजव्या गालाला आतून छातीची कातडी लावलेली आहे, तिला गरम-थंड कळत नाही. सुरुवातीला तिथे छातीचे केसही उगवायचे, शेकानंतर गळाले.

आठ. लिलाव रंगात. पूर्वी भाव मी पुकारायचो, आता शब्द जड पडतात.

दहा ते एक जाळी सांधतो. फाटकी कड तशीच धरून गाठ मारली तर पुढच्या ओढीला सुटते. शाबूत धागा लागेपर्यंत कापावं लागतं. परळच्या टाटात डॉक्टरांनी माझ्या गालाचं तेच केलं. गाठीभोवतीचं चांगलं मांसही सेंटिमीटरभर काढलं. मग छातीचा स्नायू कातडीसकट सोडवला, पण त्याची रक्तवाहिनी तोडली नाही. देठासारखी ती राखून मानेच्या कातडीखालून तो तुकडा गालापर्यंत आणला. १९७९ साली स्टीफन आरियन यांनी मांडलेली ही रीत. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या जबड्यात पायाचं बारीक हाड बसवलं होतं. त्या हाडाच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडलेल्या, म्हणून सिस्टर रात्रभर दर तासाला तुकड्याचा रंग बघायच्या. निळसर दिसला तर पुन्हा टेबलावर. त्या रात्री मीही त्यांच्या टॉर्चची वाट बघत जागा होतो.

उजवा हात अजून खांद्यावर जात नाही. जाळं कमरेच्या उंचीवर बांधून घेतो.

दीड. पेज, आणि बांगड्याचं कालवण काटे काढून मिक्सरमधून. मिरची झोंबते, म्हणून बायको घालत नाही. तिरफळं मात्र सोडत नाही. तेवढ्या वासावर मी जेवतो.

चार. आमच्या बोटीवरचा नेपाळी खलाशी जाळं घ्यायला आला. विशीतला पोर. तंबाखू-चुना मळून गालात धरलेला. थुंकायला लावलं, चूळ भरायला लावली, मोबाइलचा उजेड आत टाकला. जिथे गोळी ठेवतो, नेमका तिथेच पांढरा चट्टा. माझाही असाच होता आणि दोन वर्षं मी तो कुणाला दाखवला नाही.

"काका, दुखत नाही," तो म्हणाला.

माझाही दुखत नव्हता.

सात. तांडेलाला सांगून आलो: उद्या हा बोटीवर येणार नाही. सकाळी सिव्हिलला त्याच्यासोबत मी जातोय.