जुन्या स्पीकरचें मोल

घरांतील एखादी जुनी वस्तु विकावयास काढली म्हणजे तिच्या किंमतीविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. घरच्या मंडळींस ती अमोल वाटते. दारावर आलेला भंगारवाला ती किलोच्या भावानें मागतो. नांदेड व लातूर यांसारख्या शहरांतील जुन्या घरांत गाणीं ऐकण्याचे स्पीकर माळ्यावर पडून असतात, आणि वाटणीच्या किंवा घर बदलण्याच्या निमित्तानें ते खालीं उतरले कीं हाच प्रश्न उभा राहतो. खरी किंमत या दोन मतांच्या मध्यें कोठें तरी असते, आणि तिचा अंदाज बऱ्याच अंशीं घरच्या घरीं करतां येतो.

प्रथम वस्तु कोणत्या काळची आहे हें ओळखावें. शंकूला जोडलेलें तारेचें वेटोळें चुंबकाच्या फटींत हालवून ध्वनि उत्पन्न करण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, ती राइस व केलॉग या अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं मांडली. मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याची नभोवाणी स्वतंत्र होती. १९५० सालीं ती आकाशवाणींत विलीन झाली. त्या जमान्यांत घरगुती रेडिओचा स्पीकर बहुधा पेटीच्या आंतच असे. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या पुष्कळ यंत्रांत त्याला कायमचें चुंबक नसे. विजेच्या एका मोठ्या वेटोळ्यानें त्यास चुंबकत्व येई, आणि तेंच वेटोळें रेडिओस मिळणारा वीजप्रवाह स्थिर करण्याचेंहि काम करी. असा स्पीकर काढून वेगळा विकला तर रेडिओ मुका होतो आणि दोहोंचें मोल घटतें. म्हणून तो रेडिओसह अखंडच विकावा.

वेगळ्या लाकडी पेट्यांतील स्पीकरांची जोडी आपल्याकडे रुळली ती पुढच्या काळांत. कलकत्त्याची सोनोडाइन कंपनी १९७० सालीं निघाली. आखाती देशांत नोकरीस गेलेल्यांनीं आणलेले जपानी संचहि त्यानंतरच्या वर्षांत दिसूं लागले. येथें कंपनीच्या नांवापेक्षां नमुना महत्त्वाचा. एकाच कंपनीचा एक नमुना संग्राहक शोधीत फिरतात, तर दुसऱ्यास कोणी विचारीत नाहीं. यासाठीं पेटीच्या मागील पट्टीवरचा नमुना व अनुक्रमांक आधीं टिपून ठेवावा. आकारावर तर मुळींच जाऊं नये. बी.बी.सी.नें आपल्या फिरत्या प्रक्षेपण गाड्यांत मावावा म्हणून तयार केलेला एल एस ३/५ ए हा स्पीकर पुस्तकांच्या फळीवर सहज बसतो; तरी त्याच्या जुन्या जोडीस कित्येक अवजड पेट्यांहून अधिक किंमत येते.

यानंतर प्रकृतीची तपासणी. शंकूच्या कडेला लवचिक पट्टी असते. ती रबराची असेल तर पुष्कळ टिकते, फोमची असेल तर दहावीस वर्षांत चुरा होऊं लागते. मराठवाड्याचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि मागून पावसाळ्याची दमट हवा येते. माळ्यावर ठेवलेल्या फोमला दोन्ही घातकच. बोटाच्या हलक्या स्पर्शानें पट्टीचा भुगा झाला, तर ती बदलण्याचा खर्च धरावा. शंकू सर्व बाजूंनीं सारखा व हलकेंच दाबून पाहावा. आंत खरखर झाली तर वेटोळें चुंबकास घासत आहे असें समजावें. मल्टिमीटर पेटीच्या मागील खुंट्यांना लावला असतां आठ ओहमचा स्पीकर सामान्यतः सहाच्या आसपास आंकडा दाखवितो. यांत घाबरण्याजोगें कांहीं नाहीं. कांहींच आंकडा आला नाहीं, तर मात्र तार किंवा जोड कोठें तरी तुटलेला आहे.

पेटीचीहि परीक्षा करावी. भुशाच्या फळीची पेटी पाण्यानें फुगली कीं पूर्ववत् होत नाहीं. वाळवी लागली असेल तर गिऱ्हाईक पाठ फिरवितें. परंतु नवेपणा आणण्याच्या हौसेनें पेटीस रंग देऊं नये, जाळीचें कापड बदलूं नये. संग्राहक मूळपणासाठीं पैसे मोजतो. जुना ओरखडा तो सहन करतो, नवा रंग सहन करीत नाहीं. दुरुस्तींत काढलेले मूळ भागहि जपून ठेवावे. जोडींतील एकच स्पीकर हातीं असेल, तर त्याची किंमत जोडीच्या निम्म्याहूनहि पुष्कळ कमी येते.

आतां हिशेब. जाहिरातींत मागितलेली किंमत म्हणजे विकणाऱ्याची आशा; व्यवहार पुरा झाला ती किंमत म्हणजे बाजारभाव. आधार दुसरीचाच घ्यावा. केवळ रीत समजण्यासाठीं आंकडे धरूं. एखाद्या नमुन्याच्या सुस्थितींतील जोड्या २०,००० रुपयांस विकल्या गेल्या आहेत. घरच्या जोडीस फोमच्या पट्ट्यांसाठीं ३,००० आणि आंतील कॅपॅसिटरसाठीं १,००० लागणार आहेत. संग्राहक बहुधा पुणें, मुंबई किंवा हैदराबाद येथें असल्यामुळें बांधणी व वाहतूक यांस २,००० धरावे. राहिले १४,०००. न ऐकतां घेणाऱ्याची जोखीम म्हणून आणखी २,००० सोडले, तर १२,००० ही वाजवी अपेक्षा होय. व्यापारी घेणार असेल, तर तो आपला नफाहि यांतूनच काढणार. वजाबाकीअंतीं हातीं कांहींच उरत नसेल, तर भंगाराचा भाव हाच बाजारभाव ठरतो, आणि त्याबद्दल भंगारवाल्यास दोष देण्याचें कारण नाहीं.

ही वजाबाकी विक्रीपूर्वीं केली तर मौल्यवान जोडी किलोवर जात नाहीं, आणि सामान्य जोडी खोट्या आशेनें आणखी दहा वर्षें माळ्यावर कुजत नाहीं. मात्र विकण्याजोगा नसलेला स्पीकर ऐकण्याजोगा नसतो असें नाहीं. किंमत थोडी पण आवाज चांगला, असा निकाल लागला तर पट्टी बदलून तो दिवाणखान्यांत मांडावा. बाजारांत ज्याचें मोल होत नाहीं, त्याचें घरांत होऊं शकतें.