मधली पोकळी आणि डावा विंगर

फुटबॉलचा इतिहास बहुधा गोल करणाऱ्यांच्या नावांनी लिहिला जातो. १९५८ च्या स्वीडनमधील विश्वचषकाचा विषय निघाला की सतरा वर्षांचा पेले आठवतो. माझ्या मते मात्र ब्राझीलच्या त्या विजयाची किल्ली डाव्या कडेने धावणाऱ्या मारिओ झागालोकडे होती. हे पटण्यासाठी त्या संघापुढचा पेच आधी समजून घ्यायला हवा.

ब्राझीलची रचना ४-२-४ होती : बचावात चार, मधल्या फळीत दोन, आघाडीवर चार. चेंडू आपल्याकडे असेपर्यंत ही रचना देखणी दिसते. तो गेला की तिची उणीव उघडी पडते. सुमारे ६८ मीटर रुंदीचे मैदान मध्ये दोघांनीच राखायचे. प्रतिस्पर्ध्याने तिथे तिसरा खेळाडू आणला की एक जण मोकळा राहणारच. दोन्ही विंगर, म्हणजे कडेचे आक्रमक, मागे बोलावले तर पोकळी भरते. पण मग चेंडू हिसकावल्यावर पुढे द्यायचा कोणाला? शिवाय समोरचे बचावपटू निर्धास्तपणे चाल करून येतात.

व्हिसेंते फेओला यांच्या संघात या पेचाचे उत्तर दोन कडांच्या असमान कामात सापडते. तिसऱ्या सामन्यापासून संघात आलेला गारिंचा उजवीकडे पुढेच राही. त्याच्या धास्तीने समोरचा बचावपटू जागेवर खिळून राही. डावीकडचा झागालो मात्र चेंडू गेला की दिदी आणि झिटो यांच्या मदतीला मध्ये येई आणि चेंडू मिळाला की पुन्हा कडेला धावे. त्याला 'छोटी मुंगी' म्हणत, ते उगाच नाही.

अंतिम सामन्यात स्वीडनने चौथ्याच मिनिटाला गोल केला. मग गारिंचाने उजवीकडून आत दिलेल्या चेंडूंवर वावाने दोन गोल केले. ब्राझील ५-२ ने जिंकला. त्यातला चौथा गोल झागालोचा.

१९६२ मध्ये चिलीत झागालो आणखी मागे खेळला आणि रचना जवळजवळ ४-३-३ झाली. १९७० मध्ये तो स्वतः प्रशिक्षक होता. तेव्हा त्याने डावीकडे रिव्हेलिनो हा मधल्या फळीकडे ओढा असलेला खेळाडू ठेवला आणि उजवीकडे झैरझिन्योला मोकळे सोडले. जुनेच गणित, नवी माणसे.

गारिंचाच्या पदलालित्यावर लोक लुब्ध झाले, आणि ते योग्यच होते. पण त्याचे ते स्वातंत्र्य दुसऱ्या कडेला कोणीतरी धावून कमावलेले होते. गोलफलकावर त्या धावण्याची नोंद होत नाही. सामना पाहणाऱ्याने ती ठेवावी.