वाहून आलेले आणि टाकून दिलेले

'फ्लॉट्सम' आणि 'जेट्सम' ही इंग्रजी शब्दांची जोडी क्वचित वाचनात येते. 'किनाऱ्याला लागलेला केरकचरा' असा ढोबळ अर्थ लावून आपण पुढे जातो. परंतु साउथहॅम्प्टन बंदरात या शब्दांना आजही कायद्याचे वजन आहे. ब्रिटनच्या किनाऱ्यावर सापडलेल्या जहाजी मालाची नोंद घेणाऱ्या 'रिसीव्हर ऑफ रेक' या सरकारी अधिकाऱ्याची कचेरी तेथेच आहे, आणि १९९५ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात हे दोन्ही शब्द जसेच्या तसे आलेले आहेत.

त्यांतील भेद १६०१ सालच्या सर हेन्री कॉन्स्टेबल खटल्यात स्पष्ट झाला. जहाज बुडाल्यावर जो माल आपसूक तरंगत राहतो तो फ्लॉट्सम. जहाज हलके व्हावे म्हणून खलाशी जो स्वहस्ते समुद्रात टाकतात तो जेट्सम. एक समुद्राची करणी, दुसरी माणसाची. किप्पूरच्या दुपारी आपण योनाचे पुस्तक ऐकतो. वादळात सापडलेल्या त्या तारवातून खलाशांनी टाकलेला माल जेट्सम होय. उलट नवगावच्या किनाऱ्याजवळ आपल्या पूर्वजांचे तारू फुटले व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, असे परंपरा सांगते. त्यांचे जे काही लाटांवर तरंगत आले असेल, ते फ्लॉट्सम.

एका बाबतीत मात्र दोन्ही समान आहेत : धन्याचा हक्क तत्काळ बुडत नाही. २००७ च्या जानेवारीत 'एमएससी नेपोली' जहाजावरील माल डेव्हनमधील ब्रॅन्सकम येथे किनाऱ्याला लागला, तेव्हा लोकांनी नव्या मोटारसायकलीही नेल्या. सापडले ते आपलेच, ही त्यांची समजूत चुकीची होती. अशी वस्तू रिसीव्हरला कळवावीच लागते, आणि धन्याला हक्क शाबीत करण्यास एक वर्षाची मुदत मिळते.

हे वाचताना आम्हांस आपल्याच घरांची आठवण झाली. पूर्वजांचे धर्मग्रंथ समुद्राने नेले, असे वडीलधारी मंडळी सांगत. आपल्या मुलांची मराठी मात्र कोणत्या वादळाने नेली? नव्या देशात त्यांचे ओझे हलके व्हावे म्हणून आपणच ती टाकली. हेतू वाईट नव्हता. योनाच्या खलाशांचाही नव्हता. पण याला नाव एकच : जेट्सम. तिच्यावरील आपला हक्क अद्याप शाबूत आहे. कायदा एक वर्ष देतो. आपली मुदत घरातील आजीआजोबा मराठीत बोलत आहेत तोवरच आहे.