दूरचे पाणी, रित्या घागरी

मुंबईच्या पाण्याचा इतिहास म्हणजे अधिकाधिक दूर जाण्याचा इतिहास होय. विहिरी-तलावांवर गुजराण करणाऱ्या या बेटाला १८६० मध्ये विहार तलावाचे नळाचे पाणी मिळाले. पुढे १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा, नंतर भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. तहान वाढली, की शहराने आणखी एक बांध घातला. एवढ्या दुरून हे पाणी बव्हंशी उताराने वाहत येते, ही अभियंत्यांची थोर कामगिरीच होय.

परंतु या सातही जलाशयांची भिस्त एकाच पावसाळ्यावर आहे. तो लांबला, की कपात अटळ ठरते. विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाच्या भयाने बुजविलेल्या विहिरींची उणीव तेव्हा जाणवते. आणि तानसा व भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ज्यांच्या परिसरात पाणी साठले, त्यांच्याच घागरी रित्या राहाव्यात, हा कोणता न्याय?

शहराने उरलेल्या विहिरी उपसाव्यात, गळती रोखावी आणि नव्या धरणाआधी या पाड्यांना नळ द्यावा. ही मेहेरबानी नव्हे, जुन्या ऋणाची फेड ठरेल.